आयडलला थरथर, क्लच सोडताना ठक्क: जुन्या गाडीचं इंजिन माउंटिंग कसं तपासायचं आणि कसं बदलायचं

दहा-पंधरा वर्षं चाललेली अल्टो, वॅगनआर, सँट्रो किंवा इंडिका सिग्नलला उभी असताना थरथरायला लागली की गॅरेजमधून पहिलं वाक्य येतं, "माउंटिंग गेलं." माउंटिंग किंवा माउंट म्हणजे इंजिन बॉडीला धरून ठेवणारा, थरथर गिळणारा रबर-लोखंडाचा आधार. पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण निकामी प्लग, घाण झालेली थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) आणि सायलेन्सरचं तुटलेलं रबर यांनीही अगदी तशीच थरथर येते. मग पूर्ण सेट बदलूनही गाडी जशीच्या तशी हलते आणि पैसे वाया जातात. म्हणून आधी दोष माउंटचाच आहे हे पक्कं करा, दुकानात नंतर जा.

खालची माहिती पुढची चाकं फिरवणाऱ्या, आडवं इंजिन असलेल्या गाड्यांसाठी आहे. अशा गाडीत साधारण तीन किंवा चार माउंट असतात. बेल्टच्या बाजूचं आणि गिअरबॉक्सच्या बाजूचं अशी दोन माउंट वजन पेलतात. मागचं माउंट किंवा टॉर्क रॉड इंजिनाला पुढे-मागे डोलू देत नाही. सँट्रोसारख्या गाड्यांत या कामाला पुढे आणि मागे असे दोन रोल स्टॉपर असतात. दुकानात काही जण माउंटलाच 'इंजिन फाउंडेशन' म्हणतात, वस्तू एकच.

लक्षणं

- गाडी उभी, इंजिन चालू: स्टिअरिंग, सीट आणि आरसा थरथरतो. एसी लावला की वाढतं, थोडा रेस दिला की कमी होतं.
- पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये क्लच सोडताना एकच 'ठक्क'. चालत्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की तोच आवाज.
- किल्ली बंद केल्यावर इंजिन थांबताना अख्ख्या गाडीला एक झटका बसतो.
- रेस दिला की गिअरचा दांडा पुढे-मागे सरकतो. रॉडने गिअर पडणाऱ्या जुन्या गाड्यांत हे जास्त दिसतं. कधी गिअर अडतो, कधी निसटतो.
- सायलेन्सरचा पुढचा पाइप किंवा त्याची लवचिक जाळी वरचेवर फुटते. अर्थिंगची पट्टी तुटते, होजपाइप एकाच जागी घासलेला दिसतो.

शेवटचं लक्षण लोक सगळ्यात उशिरा ओळखतात. एकाच जागचा सायलेन्सर पाइप दुसऱ्यांदा वेल्डिंग करायची वेळ आली, तर वेल्डरला दोष देण्याआधी माउंट बघा.

पहिली तपासणी: थरथर कशाबरोबर बदलते?

याला खर्च नाही, हत्यार नाही. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करा आणि रेस हळूहळू वाढवा. उभ्या गाडीत थरथर येत असेल आणि रेसबरोबर बदलत असेल, तर गोष्ट इंजिनाच्या बाजूची आहे. उभी असताना गाडी शांत, पण ठरावीक वेगाला, समजा ७०-८० ला, स्टिअरिंग हलत असेल, तर ते चाकांचं बॅलन्सिंग, टायर किंवा सस्पेन्शन. वळताना येणारी 'कट-कट' अ‍ॅक्सलच्या सांध्याची असते. खड्ड्यात येणारा आवाज बहुधा लोअर आर्मच्या बुशचा किंवा लिंकचा. तिथे माउंट बदलून काहीही होणार नाही.

तीन सिलिंडरच्या गाडीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. अल्टोच्या ७९६ सीसी इंजिनात ८५० आरपीएमला सेकंदाला साधारण २१ ठोके पडतात, चार सिलिंडरमध्ये त्याच वेगाला २८. कमी ठोके आणि तीन सिलिंडरची मुळातली हेलकावण्याची खोड, यामुळे ही गाडी नवी असतानाही थोडी थरथरत होतीच. नव्या माउंटकडून चार सिलिंडरचा गुळगुळीतपणा मागू नका. ताडून बघायचंच असेल तर त्याच मॉडेलच्या, बऱ्या स्थितीतल्या दुसऱ्या गाडीशी ताडा.

दुसरी: इंजिन स्वतः नीट चालतंय का?

माउंट हे थरथर गिळतं, तयार करत नाही. इंजिन मुळात लंगडत असेल तर नवं माउंटही हरेल.

गाडीला सीएनजी असेल तर ती पेट्रोलवर टाका आणि पाच मिनिटं आयडलला, म्हणजे रेस न देता नुसती चालू ठेवा. पेट्रोलवर शांत आणि गॅसवर थरथर असेल, तर दोष गॅस किटच्या ट्यूनिंगमध्ये, इंजेक्टरमध्ये किंवा गॅस फिल्टरमध्ये आहे. पेट्रोलला चालणारा अशक्त प्लगही गॅसवर ठोका चुकवू शकतो, म्हणून प्लग बघितल्याशिवाय ट्यूनिंगवाल्याकडे जाऊ नका.

प्लग काढून ओळीने ठेवा. एक काळा-ओला आणि बाकीचे तपकिरी-कोरडे असतील तर त्या सिलिंडरचा ठोका चुकतोय. मिसफायरची थरथर कानाला वेगळी लागते. तिच्यात लय नसते, मध्येच एक ठोका हरवतो, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला की 'फुस-फुस' असमान लागते. माउंटची थरथर मात्र एकसारखी घरघरते.

एसी लावल्यावर आयडल किंचित वाढायला किंवा निदान टिकायला हवं. ते खाली बसून इंजिन गुदमरत असेल तर थ्रॉटल बॉडी साफ करा. क्लीनरचा एक डबा आणि जुना टूथब्रश एवढंच लागतं. चेक इंजिन दिवा लुकलुकत असेल तर गाडी फिरवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तो जाळतं, आणि त्याची किंमत सगळ्या माउंटच्या मिळून किमतीपेक्षा कितीतरी जास्त असते.

तिसरी: सैल झालेलं काही

इंजिन थंड असताना हाताने हलवून बघा: एअर फिल्टरचा डबा, बॅटरीची पट्टी, सायलेन्सरवरचा पत्रा, खालचं प्लास्टिक कव्हर, सायलेन्सरची लटकती रबरं. सायलेन्सरचा पाइप एखाद्या ठिकाणी बॉडीला टेकला, तरी इंजिनाची थरथर माउंटला वळसा घालून थेट सीटखाली पोचते. पावसाळ्यानंतर चिखलाचा गोळा पाइप आणि फ्लोअरच्या मध्ये अडकून हेच घडतं. दहा-वीस रुपयांच्या रबरावर भागणारं काम असतं, म्हणून ते आधी.

माउंटचे नट-बोल्टही याच वेळी पान्याने घट्ट आहेत का बघा. बोल्टच्या डोक्याभोवती चकचकीत घासलेला धातू किंवा तांबूस भुकटी दिसली, तर तो बोल्ट सैल राहून हलत होता.

चौथी: टॉर्च घेऊन रबर बघणं

वरून दोन्ही बाजूंची माउंट दिसतात, मागचं बहुधा खालूनच. काय शोधायचं:

रबराला आरपार गेलेली चीर. वरवरच्या बारीक भेगा वयाने पडतातच, त्यांना घाबरू नका. पण चिरेत स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत जात असेल तर माउंट संपलं. रबर आणि लोखंडी कवच जिथे चिकटलेलं असतं तिथे सुटलंय का, ते नखाने किंवा टोकाने दाबून बघा. हा दोष नुसता बघून सुटतो, कारण इंजिनाचं वजन सुटलेली फट मिटवून ठेवतं. मधली नळी कवचाच्या मध्यावर आहे की एका बाजूला टेकली आहे, तेही बघा. खाली टेकली असेल तर रबर बसलंय, आणि आता धातूवर धातू आपटतोय.

काही गाड्यांत, विशेषतः डिझेलमध्ये, बेल्टच्या बाजूचं माउंट आतून द्रव भरलेलं असतं. त्याखाली काळसर चिकट ओघळ दिसला तर ते फुटलंय. रबर बाहेरून कितीही धड दिसो.

माउंट तेलाने ओलं, फुगलेलं आणि बोटाला मऊ-चिकट लागत असेल, तर नुसतं ते बदलून उपयोग नाही. वरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून किंवा पॉवर स्टिअरिंगच्या होजमधून गळती आहे. माउंटचं रबर तेल शोषून फुगतं आणि ताकद सोडतं. गळती आधी बंद करा, नाहीतर नवं माउंटही त्याच वाटेने जाईल. सर्व्हिसिंगला डिझेल मारून इंजिन चकाचक करायची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी चालते. रबरासाठी ती विषच आहे. वर काळं पॉलिश फवारतात तेव्हा भेगा झाकल्या जातात आणि तपासणाराही फसतो. जुनी गाडी विकत घेताना इंजिन फार काळंभोर चमकत असेल तर माउंट कापडाने पुसून मगच बघा.

पाचवी: इंजिन किती डोलतं?

याला दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, पायाचा ब्रेक पूर्ण दाबलेला. पुढे भिंत किंवा माणूस नको. बघणाऱ्याने बॉनेटच्या बाजूला उभं राहायचं, समोर कधीच नाही.

आतल्या माणसाने पहिला गिअर टाकून क्लच पकडेपर्यंत हळूच वर आणायचा आणि लगेच परत दाबायचा. मग हेच रिव्हर्समध्ये. दोन-तीनदा पुरे, जास्त केलं तर क्लच प्लेट जळते. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून डी आणि आर मध्ये एक-दोनदा बदललं तरी दिसतं. मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा, डोळ्याला निसटलेलं त्यात सापडतं.

पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचं डोकं मागे, केबिनकडे झुकतं. रिव्हर्समध्ये पुढे. वरचा भाग १०-१५ मिमी डोलून मऊपणे थांबला तर ठीक. २५ मिमीच्या पुढे गेला किंवा शेवटी 'ठक्क' करून आपटला, तर मागचं माउंट, टॉर्क रॉड किंवा रोल स्टॉपर गेला. डोलणं कमी, पण एक कोपरा वर उचलून खाली बसतोय असं दिसलं, तर त्या बाजूचं वजन पेलणारं माउंट. ढोबळ हिशोब असा: आवाज असेल तर मागचं आधी बघा, उभ्या गाडीत थरथर असेल तर बाजूची.

सहावी: जॅक आणि लाकूड

डोळ्याला न दिसणारी सुटलेली चिकटण इथे पकडली जाते. ऑइल सम्पच्या (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याच्या) तळाखाली ४०-५० मिमी जाडीची, तळ झाकेल एवढी फळी ठेवून ट्रॉली जॅकने इंजिन फक्त १०-१५ मिमी उचला. फळीशिवाय जॅक लावला तर पत्र्याचा सम्प आत दबतो. दबलेला सम्प आतल्या ऑइल पिकअपला (तेल ओढणाऱ्या नळीला) टेकला की इंजिनाला तेल कमी मिळतं. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर फुटतोच. ड्रेन प्लगवर भार येऊ देऊ नका. गिअरबॉक्सच्या बाजूचं माउंट तपासताना फळी गिअरबॉक्सखाली.

उचलताना माउंटकडे बघत राहा. रबर ताणलं जावं, पण लोखंडापासून अलग होऊ नये. टॉमीने (लोखंडी दांड्याने) ब्रॅकेट हलकेच हलवून बघा. फट उघडली तर निदान पक्कं.

सुटा भाग घेताना

चॅसी नंबर सांगूनच घ्या. एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल-डिझेल, मॅन्युअल-ऑटोमॅटिक, कधी वर्षागणिकही माउंट वेगळं असतं. दर गाडीप्रमाणे काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत जातो. अगदी स्वस्त माउंटचं रबर पुष्कळदा कडक असतं. ते तुटत नाही, पण थरथरही गिळत नाही, आणि 'नवं टाकूनही तेच' ही तक्रार इथूनच येते. तीन सिलिंडरच्या गाडीत पॉलियुरेथेनच्या कडक माउंटच्या नादी लागू नका. वर्षानुवर्षं दुकानात पडलेला मालही नको, रबर न वापरताही वाळतं.

झेन, एस्टीमसारख्या बंद झालेल्या गाड्यांसाठी जुन्या कवचात रबर भरून देणारे कारागीर आहेत. टॉर्क रॉडच्या बुशसाठी, दुसरा मार्ग नसेल तर, हे चालवून घेता येतं. वजन पेलणाऱ्या माउंटला हे करू नका, द्रव भरलेल्याला तर मुळीच नाही. ट्यूबचा तुकडा कोंबण्याचा जुगाड आठवडाभर टिकतो, कारण माउंटचं रबर नुसतं दबत नाही, आडवं ताणलंही जातं, आणि कोंबलेला तुकडा ते करू शकत नाही.

एकच बदलायचं की सगळी? एक फाटलं की त्याचा भार बाकीच्यांवर पडतो. दहा वर्षांच्या पुढची मूळ माउंट असतील तर सगळी एकदम बदलणं शहाणपणाचं. पैसे कमी असतील तर फाटलेलं आत्ता आणि उरलेली पुढच्या सर्व्हिसिंगला, पण मधल्या काळात लक्ष ठेवून.

बदलताना

हत्यारं: १२, १४ आणि १७ ची गोटी (सॉकेट), लांब हँडल, टॉर्क पाना, ट्रॉली जॅक, फळी, दोन जॅक स्टँड, गंज सोडवणारं तेल. मारुतीसारख्या जपानी वळणाच्या गाड्यांत १२ चं डोकं म्हणजे बहुधा ८ मिमीचा बोल्ट, १४ म्हणजे १० मिमीचा, १७ म्हणजे १२ मिमीचा. टॉर्क ठरवताना हे कामी येतं.

आदल्या रात्री बोल्टवर तेल सोडून ठेवा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीला दोन रात्री द्या.

इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कारण पाना स्टार्टरच्या तारेला लागू शकतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत गिअरबॉक्सकडचं माउंट बॅटरीच्या ट्रेखालीच असतं, म्हणून तीही काढावी लागते. खाली जायचं असेल तर गाडी स्टँडवरच. नुसत्या जॅकवर किंवा रचलेल्या विटांवर उभ्या गाडीखाली शिरू नका.

इंजिनाखाली जॅक आणि फळी लावून वजन नुसतं पेला, गाडी उचलू नका. बोल्ट हाताने फिरेल इतका मोकळा झाला की उंची बरोबर आहे. ब्रॅकेटच्या जागेवर पेंटने खूण करा.

एका वेळी एकच माउंट. एक काढा, नवं बसवा, बोल्ट अर्धे कसा, मग दुसऱ्याकडे जा. सगळी एकदम मोकळी केली तर इंजिन सरकतं, भोकं जुळत नाहीत, आणि अ‍ॅक्सलचा आतला सांधा निसटू शकतो. नव्या माउंटवर बाण किंवा खूण असेल तर दिशा जुन्याप्रमाणेच ठेवा. बोल्ट सुरुवातीचे चार-पाच आटे बोटांनीच फिरवा. पान्याने जोर दिला आणि आटे वाकडे गेले की अ‍ॅल्युमिनियमचं भोक गेलं.

आता सगळ्यात जास्त चुकणारी पायरी. बोल्ट शेवटचे कसायचे ते जॅक काढून, इंजिनाचं पूर्ण वजन माउंटवर आल्यानंतर. आधी इंजिन हाताने पुढे-मागे हलवा, बॅटरी जोडून मिनिटभर आयडलला चालवा, बंद करा, निगेटिव्ह तार पुन्हा काढा, आणि मग टॉर्क पाना लावा. जॅकवर असतानाच कसलं तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं. थरथर राहते आणि तेच रबर काही महिन्यांत फाटतं. टॉर्कचा आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच घ्या. अंदाज हवा तर ८.८ दर्जाच्या १० मिमी बोल्टला साधारण ४५-५० न्यूटन-मीटर, १२ मिमीला ८० च्या आसपास, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यात त्याहून कमी.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

- बोल्ट फिरत नाही आणि डोकं गोल व्हायला लागलं, किंवा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या आत तुटला. आणखी जोर लावू नका. आतून काढायला लेथवाला किंवा अनुभवी फिटर लागतो.
- माउंट जिथे बॉडीला बसतं तो पत्राच गंजलाय किंवा फाटलाय. हे वेल्डिंगचं आणि अलाइनमेंटचं काम आहे.
- इंजिनाकडचा ब्रॅकेट तडकलाय.
- बेल्टच्या बाजूचं माउंट टायमिंग कव्हरशी जोडलेलं आहे आणि ते काढताना टायमिंग बेल्ट उघडा पडतो.
- मागचं माउंट काढायला खालची क्रॉस मेंबर (इंजिनाखालची आडवी लोखंडी चौकट) उतरवावी लागते.
- हायब्रिड गाडी, नारिंगी जाड तारा दिसताहेत. तिथे हातच घालायचा नाही.
- डिझेल गाडीत क्लच दाबला की आवाज बदलतो. तो डोलण्याचा नसून फ्लायव्हील किंवा क्लचचा असू शकतो, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

नवं टाकूनही थरथर राहिली तर

आधी सगळे बोल्ट न काढता नुसते थोडे सैल करून, इंजिन हलवून, वजनावर पुन्हा कसा. मग सायलेन्सरचा पुढचा जोड ढिला करून परत बसवा. इंजिन नव्या माउंटवर थोडं वर येतं, आणि जुन्या खालच्या जागेला सवयीचा झालेला पाइप त्याला ओढून धरतो. एसीचे पाइप, अर्थिंगची पट्टी किंवा होज कुठे ताणले, टेकले नाहीत ना, हे हाताने फिरवून बघा. अर्थिंगची पट्टी परत लावायची राहिली तर स्टार्टर मंद फिरतो आणि लोक बॅटरीला शिव्या देतात. गिअर आधीपेक्षा अडखळत पडत असतील तर केबल किंवा रॉडची सेटिंग करून घ्या. हे सगळं ठीक असूनही फरक नसेल तर नवं माउंट कडक आहे किंवा चुकीचं आहे. बिल जपून ठेवलं असेल तर बदलून मागा.

दोन-तीनशे किलोमीटरनंतर बोल्ट एकदा पान्याने तपासा.